लेझरने सांगितलेला आकडा खरा कशावरून?

१९६० साली मेमनने पहिला लेझर चालवला. दोनच वर्षांत संशोधकांनी लेझरच्या झोताने पदार्थाची वाफ करून, तिच्या उजेडावरून त्यातली मूलद्रव्यं ओळखून दाखवली. पण ओळखणं वेगळं, मोजणं वेगळं. तेवढंच क्रोमियम पोलादात एक चमक देतं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत दुसरी. वर प्रत्येक झोताची ताकदही थोडी कमीजास्त असतेच.

मग उपाय काय? घटक आधीच पक्के माहीत असलेले नमुने शेजारी ठेवायचे आणि तुलना करायची. १९९९ मध्ये इटलीतल्या पिसाच्या गटाने वाफेचं तापमान वगैरे काढून नमुन्यांशिवाय हिशेब मांडायची रीत दिली. तरी २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीने असे नमुने सोबत नेलेच. २०२३ मध्ये आपल्या प्रज्ञानच्या लेझरला चंद्रावर गंधक दिसलं, तेव्हा इस्रोने दुसऱ्या, क्ष-किरणांच्या उपकरणानेही त्याची खात्री करून घेतली.

आज भंगाराच्या यार्डातही हे यंत्र हातात धरून धातू तपासतात. चुकीचं पोलाद पुलात गेलं तर किंमत कोण मोजणार? म्हणून प्रयोगशाळेत नवं मशीन आल्याची बातमी वाचली की एवढं विचारा: प्रमाणित नमुने घेतलेत का? आणि ते शेवटचे कधी लावून बघितले?