हिप्पोकॅम्पस मायनर : एका शारीरसंज्ञेचा अर्थ आणि वापर

प्रस्तावना :
शास्त्रीय संज्ञा म्हणजे वस्तूंना दिलेली नावे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासात काही संज्ञांवर वर्णनापलीकडचा भार टाकला गेल्याचे दिसते. 'हिप्पोकॅम्पस मायनर' ही मेंदूच्या शारीरशास्त्रातील, आज विस्मृतीत गेलेली संज्ञा हे त्याचे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मानव व वानर यांच्यातील सीमारेषेचा वाद इंग्लंडमध्ये या संज्ञेभोवती केंद्रित झाला होता. त्या वादाचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

संज्ञेचा उगम :
मेंदूच्या प्रत्येक गोलार्धात द्रवाने भरलेली एक पोकळी असते. तिच्या तळाशी असलेल्या वळणदार उंचवट्याला इटालियन शरीरशास्त्रज्ञ ज्युलिओ चेझारे आरांझी यांनी १५८७ मध्ये 'हिप्पोकॅम्पस', म्हणजे समुद्रघोडा, असे नाव दिले. या पोकळीचा जो फाटा मागे जातो, त्याच्या आतील भिंतीवर एक लहानसा फुगवटा असतो. फ्रेंच शल्यचिकित्सक मोराँ यांनी १७४४ मध्ये त्याची तुलना कोंबड्याच्या पायामागील काट्याशी केली. पुढे १७८६ मध्ये व्हिक द'अझीर यांनी त्यास 'धाकटा हिप्पोकॅम्पस' ठरविले. या विशेषणामुळे दोन्ही अवयव एकाच कुळातील असल्याचा भास निर्माण झाला. वस्तुतः त्यांची रचना सर्वस्वी भिन्न आहे.

ओवेन यांची भूमिका :
'डायनोसॉर' या नावाचे जनक रिचर्ड ओवेन यांनी १८५७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे सस्तन प्राण्यांचे नवे वर्गीकरण मांडले. मेंदूचा पश्च खंड, पोकळीचा मागील फाटा आणि हिप्पोकॅम्पस मायनर ही तीन लक्षणे केवळ मानवात आढळतात, असे सांगून त्यांनी मानवासाठी 'आर्केन्सेफाला' हा स्वतंत्र उपवर्ग कल्पिला. १८५९ च्या केंब्रिज येथील व्याख्यानात त्यांनी याच मताचा पुनरुच्चार केला.

हक्सले यांचे खंडन :
२८ जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात थॉमस हेन्री हक्सले यांनी ओवेन यांचे विधान भर सभेत नाकारले. बिशप विल्बरफोर्स यांच्याशी झालेली सुप्रसिद्ध चकमक त्यानंतर दोन दिवसांनी घडली. १८६१ च्या जानेवारीत हक्सले यांनी सविस्तर लेख लिहून पूर्वसूरींच्या निरीक्षणांचे दाखले दिले. ओवेन ज्या चित्राचा आधार घेत होते, ते चिंपांझीच्या मेंदूचे चित्र श्रोडर व्हॅन डर कोल्क व व्रोलिक या डच शास्त्रज्ञांचे होते. परंतु जतन करताना तो मेंदू विरूप झाला होता आणि ही तिन्ही लक्षणे वानरांतही असतात, हे पुढे त्या दोघांनीच जाहीर केले. १८६२ मध्ये केंब्रिजच्या अधिवेशनात विल्यम फ्लॉवर यांनी माकडाचा मेंदू छेदून तो अवयव सर्वांसमक्ष दाखविला.

यानंतर ओवेन यांचा बचाव अवयवाकडून व्याख्येकडे सरकला. मानवी शरीरशास्त्रात ज्याची व्याख्या केली आहे तसा हिप्पोकॅम्पस मायनर वानरांत नाही, असे ते म्हणू लागले. वास्तविक मानवी अवयवावरून बेतलेली व्याख्या मानवालाच लागू पडावी, यात नवल ते काय? १८६६ मध्ये त्यांनी समरूप भाग वानरांत असल्याचे मान्य केले, तरी वर्गीकरण सोडले नाही. दरम्यान १८६३ मध्ये चार्ल्स किंग्जली यांनी 'वॉटर बेबीज' या बालकथेत हिप्पोकॅम्पसच्या जागी पाणघोडा योजून या वादाची थट्टा केली होती.

निष्कर्ष :
१८९५ मध्ये बाझल येथे ठरलेल्या परिभाषेत या अवयवास 'कॅल्कार एव्हिस', म्हणजे पक्ष्याचा काटा, हे नाव मिळाले. एक प्रकारे मोराँ यांची उपमाच परत आली. हा फुगवटा म्हणजे स्वतंत्र अवयव नसून, मेंदूच्या पृष्ठभागावरील एका खोल खाचेमुळे आतील भिंतीवर उमटलेला उठाव आहे. त्याच खाचेच्या काठांवर प्राथमिक दृष्टिक्षेत्र वसलेले आहे. जे मानवाच्या श्रेष्ठत्वाचे चिन्ह मानले गेले, ते माकडालाही असलेल्या दृष्टीशी निगडित निघाले. ओवेन यांचे शारीरशास्त्रीय ज्ञान तोकडे नव्हते. निष्कर्ष आधी ठरवून संज्ञेला त्याच्या रक्षणास उभे करणे, ही त्यांची चूक होती. परिभाषा घडविणाऱ्या व शिकविणाऱ्या प्रत्येक विद्याशाखेसाठी हा इतिहास म्हणूनच बोधप्रद आहे.