बेकारांनी काढलेली भांड्यांची चित्रे



राजाची तलवार म्हणजे इतिहास आणि स्वयंपाकघरातली किटली म्हणजे अडगळ, अशी आपली एक समजूत असते. ती खोटी ठरविणारा एक मोठा उद्योग अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात झाला. त्याचे नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’.

त्याचा जन्म बेकारीतून झाला. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत त्या देशात दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार झाला. त्यांत चित्रकारही होते. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने त्यांना नुसती मदत न वाटता मजुरीवर काम दिले. कोणते काम? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील रोमाना जाविट्झ आणि कापडावर नक्षी करणाऱ्या रूथ रीव्ह्ज या दोघींनी ते सुचविले. देशातल्या जुन्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंची हुबेहूब चित्रे काढून ठेवायची, असे ते काम होते.

खुर्च्या, गोधड्या, कॉफीची भांडी, मातीची ताटे, बाहुल्या, कुलुपे, काहीही वर्ज्य नव्हते. वस्तू समोर ठेवायची, मापे घ्यायची, हलक्या हाताने पेन्सिलीने आकार उतरवायचा, मग पातळ रंगाचे थर एकावर एक चढवायचे. इजिप्तच्या उत्खननातील वस्तू चितारण्याची ही रीत बोस्टनच्या सुझान चॅपमन यांनी अनेकांना शिकविली. गंज, पोचा, तडा, ठिगळ, जे असेल ते तसेच दाखवायचे. रंगीत छायाचित्रे तेव्हा महाग होती आणि त्यांचे रंग टिकत नसत, म्हणून हातावरच भिस्त होती. अशी सुमारे १८,००० चित्रे झाली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

या कामात एक उणीव राहिली, तीही सांगितली पाहिजे. तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या वस्तू यात घेतल्याच नाहीत. त्यांची नोंद मानववंशशास्त्रज्ञ करीत आहेत, असे कारण दिले गेले. मला ते पटत नाही. एकाचे मडके ‘देशाची कला’ आणि दुसऱ्याचे मडके ‘अभ्यासाचा नमुना’, हा भेद कामगाराने तरी मान्य करू नये.

तरीही या चित्रांचे मोल मोठे आहे. ज्या सुताराचे, कुंभाराचे, गोधडी शिवणाऱ्या बाईचे नाव बहुधा कोणी लिहून ठेवले नव्हते, त्यांच्या हातचे काम दुसऱ्या गरजू हातांनी टाक्यान्‌टाका मोजून नोंदविले. बेकाराला काम देणे म्हणजे सरकारी पैसा वाया घालविणे, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना उत्तर म्हणून ही १८,००० चित्रे पुरेशी आहेत.