चालक उतरला, गाडी चालूच राहिली

आगगाडीचं इंजिन एकदा तरी आपण चालवावं, असं लहानपणी वाटलं नाही असा माणूस विरळाच. ही हौस पुढे संगणकाने पुरवली. ती हकिगत आज सांगायची आहे.

सुरुवात जपानमध्ये झाली, १९९०च्या दशकात. एका रेल्वेप्रेमीने 'बीव्हीई' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. पडद्यावर चालकाच्या खिडकीतून दिसणारा मार्ग, एवढंच. चित्रं साधी, पण गाडी चालवणं खरं! मोटारीचा ब्रेक दाबला की लगेच लागतो. आगगाडीत तसं नसतं. एअर ब्रेकमध्ये डब्यांखालच्या नळीतला हवेचा दाब कमी केला की ब्रेक लागतात, आणि हा बदल शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून फलाट दिसायच्या आधीच थांबण्याचा विचार करावा लागतो. चालकाचं कसब ते हेच.

२००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आला. जगभरच्या हौशी लोकांनी त्यासाठी नवे मार्ग रचले. आपल्याकडच्या मंडळींनी भारतीय इंजिनं आणि डबेही तयार केले. पण त्याची दुसरी आवृत्ती कंपनीने २००४ साली रद्द केली. २००७ साली पुन्हा घोषणा झाली, आणि २००९च्या जानेवारीत तो तयार करणारा स्टुडिओच बंद झाला. प्रोग्रॅमचं मूळ लेखन कंपनीच्या कुलपात. चाहत्यांनी दुरुस्ती करायची म्हटली तरी कशी करणार?

याच सुमारास, २००८ साली, 'ओपनबीव्हीई' सुरू झाला. बीव्हीईचे जुने मार्ग त्यावर चालत, शिवाय तो लिनक्सवरही चाले. गंमत म्हणजे तो ज्या सी-शार्प भाषेत लिहिला, ती मायक्रोसॉफ्टचीच. 'मोनो' या मुक्त साधनामुळे ती लिनक्सवर आली होती. मुख्य म्हणजे कर्त्याने आपलं लेखन सर्वांसाठी खुलं केलं, त्यावर हक्क सांगितला नाही.

काही वर्षांनी हा कर्ता बाजूला झाला. एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण लेखन सर्वांसमोर होतं. इतरांनी ते उचललं, चुका काढल्या, भर घातली. २००९ साली सुरू झालेल्या 'ओपन रेल्स' या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाने तर मायक्रोसॉफ्टच्या खेळासाठी केलेले मार्ग आणि गाड्याही पुन्हा चालत्या केल्या. त्यामुळे आपल्या लोकांनी रात्री जागून केलेली इंजिनं भंगारात गेली नाहीत.

लांब पल्ल्याच्या गाडीचा चालक वाटेत मोठ्या स्टेशनात उतरतो, दुसरा चढतो. डब्यात झोपलेल्या प्रवाशांना पत्ताही लागत नाही. मात्र त्यासाठी इंजिनाचं दार नव्या माणसाला उघडता आलं पाहिजे. एका खेळाचं दार बंद राहिलं, दुसऱ्याचं उघडं होतं. फरक एवढाच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)