कडेचा मुलगा हलला नव्हता

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही परांडा तालुक्यातील सोनारीला गेलो होतो. काळभैरवनाथाचे दर्शन झाले आणि सगळ्यांचा एक फोटो काढायचे ठरले. मुले एका रांगेत उभी राहिली. रांग लांब, आणि आम्हाला मागे सरकायला जागा नाही. पाठ भिंतीला टेकली. म्हणून कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरचे वाइड अँगल भिंग चढवले. ऊन उतरले होते, तेव्हा भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले, मधल्या मुलांवर फोकस केला आणि बटण दाबले.

फोटो धुऊन आला. मधली मुले अगदी स्पष्ट, पण डाव्या टोकाचा मुलगा धूसर आणि चेहऱ्याने पसरट. “हलला असशील,” आम्ही म्हणालो. तो म्हणाला, “नाही सर, मी श्वाससुद्धा रोखून धरला होता.”

मग आम्ही हातभिंग घेऊन फोटो नीट पाहिला. मुलाच्या मागच्या भिंतीचे दगडही तितकेच धूसर होते. उजव्या टोकाला तोच प्रकार. दगड काही हलत नाहीत, आणि कॅमेरा हलला असता तर मधली मुलेही धूसर आली असती. म्हणजे मुलगा खरे बोलत होता. मग दोष कोणाचा? याचे उत्तर भिंगांच्या इतिहासात आहे.

१८४० साली व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने आखलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग तयार झाले. ते भरपूर प्रकाश घेई आणि चेहरा रेखीव उमटवी, पण फक्त मधोमध. याचे कारण असे की, साध्या भिंगाची स्पष्ट प्रतिमा सपाट पृष्ठावर पडत नाही. ती वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. काच किंवा फिल्म मात्र सपाट असते. मध्य जुळला की कडा सुटतात. जुने छायाचित्रकार समूहाच्या रांगेची दोन्ही टोके थोडी पुढे घेऊन तिला कमान देत, त्यामागे हेच कारण होते. १८५७ च्या सुमारास लुडविग फॉन झायडेल यांनी भिंगाच्या प्रतिमेतील अशा पाच मूळ दोषांचे गणित मांडले. त्यांतले बहुतेक मध्यापासून दूर जावे तसे वाढत जातात.

चेहऱ्यासाठी हे चालून जाई. पण इमारतींचे काय? मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह पुस्तकरूपाने आली. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात बीदर आणि औरंगाबाद भागांतील वास्तूंची पाहणी केली. त्या अहवालात आपली धाराशिवची लेणीही आहेत. लेण्यात छायाचित्रकाराची अडचण आमच्यासारखीच असते: मागे खडक, आणि समोरचे सगळे तर हवे.

अशा कामांसाठी रुंद कोन घेणारी भिंगे हवी होती. अमेरिकेत १८६२ साली हॅरिसन आणि श्निट्झर यांच्या ‘ग्लोब’ भिंगाला पेटंट मिळाले. त्यात छिद्राच्या दोन बाजूंना दोन सारखी भिंगे होती, दिसायला चेंडूसारखी. एका भिंगाचे काही दोष दुसऱ्याने उलट दिशेने खोडले जात. १८६६ साली जर्मनीत श्टाइनहाइल आणि इंग्लंडमध्ये डालमायर यांनी याच सममितीवर अधिक चांगली भिंगे काढली. सरळ खांब आता सरळ दिसू लागले, पण कडेचा धूसरपणा पुरता गेला नाही. त्यासाठी नव्या प्रकारची काच लागणार होती. ती १८८४ नंतर जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांच्या कारखान्यात तयार झाली, आणि १८९० साली झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी ती वापरून प्रतिमा बरीच सपाट करणारे ‘अनास्टिग्मॅट’ भिंग बनवले. मधल्याइतकाच न्याय कडेला मिळावा म्हणून तोवर ५० वर्षे गेली होती.

अडचण तेवढ्यावर संपली नाही. कडेला प्रकाशही कमी पोचतो. साध्या रचनेत तो कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. २८ मिलिमीटरच्या भिंगात कोपऱ्याकडचा कोन सुमारे ३८ अंश. तेथे मध्याच्या सुमारे दोन-पंचमांश प्रकाश पडेल. १९०० साली गोर्त्स कंपनीच्या ‘हायपरगॉन’ भिंगाने तर १३५ अंशांचे दृश्य टिपले. त्याच्यापुढे चांदणीच्या आकाराचे एक चाक होते. रबरी फुग्याने हवा मारून ते फिरवायचे, म्हणजे मधला प्रकाश काही वेळ अडे आणि कडांना आपला वाटा मिळे!

आता आमच्या फोटोकडे येऊ. अलीकडची भिंगे खूप सुधारली आहेत, तरी पूर्ण उघड्या छिद्राला कडा बहुधा मऊ येतातच. छिद्र लहान केले की प्रकाशाचे शंकू बारीक होतात आणि फोकस थोडा चुकला तरी ठिपका लहानच राहतो. आम्ही एफ/२.८ वर फोटो काढला होता. एफ/८ घ्यायला हवे होते. तेव्हा प्रकाश आठपट कमी येतो. १/६० सेकंदाऐवजी सुमारे १/८ सेकंद लागतो, म्हणून तिपाई हवीच. छिद्र फारच लहान, म्हणजे एफ/२२ केले, तर विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. २८ मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर ३.३ मीटरवर फोकस केले, तर ढोबळ हिशोबाने सुमारे १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते.

पसरट चेहरा मात्र छिद्र लहान करून सुधारत नाही. गोल वस्तूची तिरकी प्रतिमा सपाट फिल्मवर लांबतेच. ३८ अंशांवर सुमारे सव्वापट. ही भूमिती आहे, भिंगाची चूक नव्हे. उपाय एकच: एका लांब रांगेऐवजी दोन-तीन रांगा करून मुलांना मध्याकडे घ्यावे.

वर्गात हे करून पाहता येईल. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने मध्यापासून कोपऱ्यापर्यंत चिकटवावीत, कॅमेरा तिपाईवर भिंतीला समांतर ठेवावा आणि वेगवेगळ्या छिद्रांवर फोटो घ्यावेत. कोपऱ्यातली अक्षरे कोणत्या छिद्राला वाचता येतात, ते मुलांनीच शोधावे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सोनारीला गेलो. तिपाई नेली, मुले तीन रांगांत उभी केली, छिद्र एफ/८ ठेवले. टोकाच्या मुलांचे सदऱ्याचे गुंडीसुद्धा मोजता येतात, असा फोटो आला. पण त्याआधी आणखी एक काम केले होते. पहिल्या फोटोतल्या त्या मुलाला वर्गासमोर बोलावून सांगितले, “तू हलला नव्हतास. चूक आमची होती.”