दोन लोखंडांमधला पत्रा

हिंगोलीचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप नरसीच्या नामदेवांकडे वळते, नाहीतर औंढ्याच्या नागनाथाकडे. त्याहून कुणी चिकित्सक असेल तर हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीपर्यंत पोहोचतो. ट्रकवर मात्र कुणी लिहीत नाही. या जिल्ह्यातला कापूस, हळद आणि ज्वारी गेली साठ-सत्तर वर्षं ज्या वाहनानं बाहेर नेली, त्याची नोंद आपल्या इतिहासात जवळजवळ नाही. मला तर त्या ट्रकच्याही एका भागाबद्दल लिहायचं आहे. हा भाग जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘हेड पॅकिंग’ म्हणतात, बिलावर ‘हेड गॅस्केट’ लिहितात.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर चौदा वर्षं होतो. जुनी बिलं, कंपन्यांचे कॅटलॉग आणि मिस्त्री लोकांनी टाकून दिलेली पॅकिंगं जपून ठेवायची सवय तिथंच लागली. पुढचं लिखाण त्या ढिगाऱ्यातून निघालेलं आहे.

आधी रस्त्याचं सांगतो. पूर्णा ते हिंगोली रेल्वे १९१२ च्या सुमारास आली, पण ती मीटरगेज होती. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाचा मुख्य मार्गही मीटरगेजच होता. म्हणजे हिंगोलीची गाठ मुंबईला पोहोचायची तर मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. हमाली, खोळंबा आणि फाटलेली पोती हा त्या मार्गाचा न चुकणारा खर्च. ब्रॉडगेज हिंगोलीत यायला एकविसावं शतक उजाडलं. मधल्या काळात ट्रकला इथं जी जागा मिळाली ती मुख्यतः या रेल्वेच्या रुंदीमुळे, असं माझं मत आहे. जिनिंगच्या दारात भरलेला माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरतो, ही सोय व्यापाऱ्याला एकदा कळल्यावर तो मागे फिरत नाही.

मोटारींची ओळख आपल्याला तशी जुनी. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं रस्ता वाहतूक खातं काढलं आणि सत्तावीस बसगाड्यांनी सुरुवात केली. सरकारी बस ही कल्पना मराठवाड्याला मुंबई राज्याच्या आधी माहीत होती. तिकडे पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली ती १ जून १९४८ ला. पण मालाची डिझेल गाडी खेड्याच्या शिवारापर्यंत आली ती टाटांच्या ट्रकमुळे. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. बॉनेटवर तीन टोकांचा तारा असे, म्हणून जुने ड्रायव्हर कितीतरी वर्षं त्याला ‘मर्सिडीज’च म्हणत. करार १९६९ मध्ये संपला, तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ आला. इंजिनाची जात मात्र तीच राहिली. एकाच ओळीत उभे सहा सिलिंडर आणि त्या सहांवर मिळून बिडाचं एकच लांब झाकण, म्हणजे ‘हेड’.

त्या इंजिनांच्या आकड्यांत एक गंमत आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, व्यास ९७. पुढे १९८६ मध्ये आलेल्या ४०७ या छोट्या गाडीत ४९७ चं घराणं आलं, चार सिलिंडर आणि व्यास पुन्हा ९७. मिस्त्री हे आकडे दिवसातून दहा वेळा उच्चारतात, पण त्यांचा अर्थ सांगणारे मला थोडेच भेटले. पॅकिंग निवडताना तर सगळा खेळ या व्यासाचा असतो. सिलिंडरच्या तोंडाभोवती पॅकिंगला एक धातूची कड असते. ज्वाळेला पहिलं तोंड तीच देते, म्हणून तिला ‘फायर रिंग’ म्हणतात. ही कड सिलिंडरच्या आत एक-दोन मिलिमीटर जरी डोकावली, तरी ती लालबुंद होते, जळते आणि शेवटी तुटून पिस्टनवर पडते. दोन पत्रे शेजारी धरले तर घाईत नजरेला फरक कळेलच असं नाही. व्हर्निअर लावला की कळतो.

या पत्र्याला काम तरी किती असावं? वर बिडाचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक. दोन्ही कितीही घासले तरी लोखंड लोखंडावर हवाबंद बसत नाही. मधल्या या पत्र्यानं तीन वस्तू एकमेकींपासून दूर ठेवायच्या. पहिली सिलिंडरातली आग, जिचा दाब डिझेल इंजिनात हवेच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पटींवर जातो. दुसरं थंड करणारं पाणी आणि तिसरं तेल. त्यातलं एक जरी दुसऱ्याच्या घरात शिरलं, तरी गाडी उभी राहते. पाणी तेलात गेलं तर डिपस्टिकवर चहासारखा दुधाळ रंग येतो. आग पाण्यात गेली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी फुटली तर ताकद निम्मी होते आणि गाडी रस्ताभर फटफटत चालते. मे महिन्यात हिंगोलीहून हळद भरून सांगलीला निघालेल्या गाडीला यातलं काहीही होऊ शकतं. माल व्यापाऱ्याचा, गाडी कर्जाची आणि ड्रायव्हर रोजंदारीवर. पॅकिंग वाटेत फुटलं की पहिली झळ या तिसऱ्याला बसते.

हा पत्रा कशाचा करायचा, यात शंभर वर्षांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर होतं तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉस. तांब्याचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा थर, अशी ती पुरणपोळीच. तांबं मऊ, ते खाचाखोचांत बसतं. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही, दाबला तरी थोडा उसळून येतो. किर्लोस्करच्या विहिरीवरच्या इंजिनालाही तसंच छोटं पॅकिंग असे. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सनं आणि त्याही आधी साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं महाराष्ट्राच्या खेड्यांना डिझेल इंजिन शिकवलं. माझ्या माहितीतले ट्रकचे बरेच मिस्त्री आधी विहिरीवरच घडले. तिथं एक युक्ती चाले. जुनं तांब्याचं पॅकिंग भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं. तापून दडपलेलं तांबं त्यानं पुन्हा मऊ पडतं. लोखंडाचं याच्या उलट होतं. लोहार-मिस्त्रींना हा फरक हातानं माहीत होता, पुस्तकातून नव्हे. वर लाखेचा द्राव फासायचा. लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरीवर बसणाऱ्या किड्याचा स्राव. महाभारतात जे घर पेटावं म्हणून लाखेचं बांधलं, तीच लाख इथं आग अडवायला लावत. अर्थात ती अडवत होती पाणी आणि तेल. आगीसमोर तिचा टिकाव लागत नाही.

१९५६ मध्ये टालब्रॉस या कंपनीनं इंग्लंडच्या कूपर्स पेन यांच्या सहकार्यानं देशात गॅस्केट करायला सुरुवात केली आणि छापील खोक्यातला नवा पत्रा तालुक्याच्या दुकानात मिळू लागला. तरीही सत्तरच्या दशकापर्यंत हिंगोलीच्या मिस्त्रीला ट्रकचं हेड पॅकिंग हवं असेल तर नांदेड नाहीतर अकोला गाठावं लागे. १९७२ च्या दुष्काळात स्टेशनवरून गावोगाव मिलो आणि सुकडी पोहोचवणाऱ्या गाड्या अशा वेळी थांबवून चालत नसे. मग फाटलेलं पॅकिंगच उलटंपालटं करून, लाख लावून, बोल्ट जास्त आवळून गाडी हाकली जाई. त्या जास्त आवळण्यानं हेड वाकत असे आणि पुढचं पॅकिंग आणखी लवकर फुटत असे. एका अडचणीतून काढलेला मार्ग दहा वर्षांत ‘पद्धत’ म्हणून मान्य झालेला मी काउंटरवरून पाहिला आहे.

‘नमुना’ ही तशीच एक पद्धत. मिस्त्री पोराच्या हाती जुनं पॅकिंग देऊन दुकानात पाठवतो आणि सांगतो, असंच आण. नामदेवांच्या गाथेच्या पोथ्यांतले पाठभेद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल. लेखनिक समोरच्या पोथीवरून नक्कल करतो, मूळ संहितेवरून नाही. समोरच्या प्रतीत चूक असेल तर ती श्रद्धेनं पुढे जाते. मधल्या काळात इंजिन बोअर करून मोठं केलेलं असतं, हेड दोनदा फेसिंग करून पातळ झालेलं असतं, आणि नमुना मात्र त्याआधीचा असतो. माझ्या संग्रहात एकाच गाडीची लागोपाठची तीन पॅकिंगं आहेत. तिन्ही एकाच जागी, चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या मध्ये जळलेली. तिन्ही एकमेकांच्या नमुन्यावरून आणलेली. मधल्या काळात हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवून पाहण्याचं कुणाला सुचलं नाही. वाकलेल्या हेडखाली सोन्याचं पॅकिंग घातलं तरी ते जळणारच.

म्हणून जुन्या इंजिनासाठी कोणतं पॅकिंग खात्रीचं, असं मला विचारतात तेव्हा मी आधी खोक्याकडे पाहतच नाही. इंजिनाचा नंबर, आजचा बोअर, हेडची उरलेली जाडी, लायनर ब्लॉकच्या वर किती निघाला आहे, हे मोजून आणा म्हणतो. हेड पातळ झालं असेल तर जाड पॅकिंग लागतं, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. त्यानंतर धातूचा प्रश्न येतो. आजकाल पोलादाचे अनेक पातळ पत्रे एकावर एक रचलेलं पॅकिंग उत्तम मानतात, आणि नव्या इंजिनात ते खरंच उत्तम आहे. पण त्याला आरशासारखा घासलेला पृष्ठभाग लागतो. चाळीस वर्षं पाण्यानं खाल्लेल्या, हातानं खरवडलेल्या बिडाच्या ब्लॉकवर ते खळग्यांत शिरत नाही. तिथं पोलादी जाळीवर दाबलेलं ग्रॅफाइटचं किंवा अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचं, भक्कम फायर रिंग असलेलं पॅकिंग बरं. महागडं ते चांगलं, हा नियम इथं लागू पडत नाही. होलोग्राम पाहावा, पण नुसत्या होलोग्रामवर विसंबू नये. कड एकसारखी वळलेली आहे का, पाण्याची भोकं ब्लॉकवर ठेवून जुळतात का, हे हातानं पाहावं. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळावेत. आणि त्या जातीच्या पॅकिंगाला सांगितलेलं असेल तर इंजिन एकदा तापल्यावर पुन्हा पाना लावावा. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, कारण तोवर गाडी अडत्याच्या दारात पोहोचलेली असते.

अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द वर तीन-चारदा आला आणि तो सहज येऊन गेला, तसाच तो आमच्या गॅरेजांतूनही सहज वावरला. जळलेलं पॅकिंग ब्लॉकला चिकटून बसतं. ते पात्यानं कोरडं खरवडायचं आणि कंप्रेसरच्या हवेनं उडवायचं, ही शिकाऊ पोराची कामं. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी आजार होऊन वर येतात. जर्मनीनं, म्हणजे ज्या देशातून हे इंजिन आलं त्यानं, १९९३ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे १९८६ पासून खाणींना नवे पट्टे देणं थांबलं, आयात चालू राहिली. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायची, असं त्यात आहे. निकाल मोठा आहे. पण तो कारखान्यांसाठी आहे, आणि विजेवर चालणारा कारखाना तेव्हाच्या कायद्यानं ठरत असे तो दहा माणसांपासून. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एक मिस्त्री आणि दोन पोरं असतात.

छातीच्या विकारानं गेलेल्या मिस्त्रींच्या मागं ‘विडी फार ओढायचा’ एवढंच निदान उरतं. ते खरंही असेल. पण तो कोणत्या साली कामाला लागला, पात्यानं किती वर्षं खरवडलं, हे लिहून ठेवलेलं नसेल तर डॉक्टरनं तरी दुसरं काय म्हणावं? तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, हे तर आता पक्कं झालेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक वही घातली. जुन्या मिस्त्रींकडे जातो, कामाला लागल्याचं साल विचारतो, कोणती इंजिनं उघडली ते विचारतो, दम लागतो का ते विचारतो, आणि जमलं तर छातीचा फोटो काढून घ्यायला सांगतो. हसतात. काहींनी काढून आणले. ज्यांची पोरं आता तेच काम करतात त्यांना एवढंच सांगतो, की खरवडण्याआधी जागा ओली करा, हवा मारू नका, फडकं ओलंच टाकून द्या. कळमनुरी आणि हिंगोली बायपासची गॅरेजं झाली आहेत. वसमत आणि सेनगाव रस्त्यावरची अजून राहिली आहेत.