पवनचक्क्या आणि एक विशेषण

पुण्याहून नगरकडे जाताना सुपा जवळ आले, की डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. आणि मला माझ्या धाकट्या भावाचे एक कार्ड आठवते.

मुंबईची नोकरी सोडून गावच्या खडकाळ रानात ताली घालायचे त्याने ठरविले, तेव्हा मी वडीलकीच्या तोऱ्यात लिहिले होते, "तुझा बेत निव्वळ क्विक्झॉटिक आहे." उलट टपाली उत्तर आले, "दादा, कोशात अर्थ पाहिला. आभारी आहे."

मग कोश मलाही उघडावा लागला!

सर्व्हांटिस या स्पॅनिश लेखकाच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली निघाला. १६१२ मध्ये शेल्टनने तो इंग्रजीत आणला. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखणारा त्यातला नायक स्पॅनिशमध्ये 'किहोते'. इंग्रजांनी त्याच्या नावाचे 'क्विक्झॉटिक' हे विशेषण केले. आपण त्याचा अर्थ 'अव्यवहार्य' असा करून मोकळे होतो. पण अव्यवहारी तर आपला शेखचिल्लीही होता. तो मनोरे रचतो ते स्वतःच्या चैनीसाठी. किहोते भाला उचलतो तो दुबळ्यांच्या कैवारासाठी. या शब्दात हसू आहे, तसा आदरही आहे.

सुपा ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच पारनेरात १८८० साली पांडुरंग महादेव बापट जन्मले. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनी मुळशीला धरण बांधू लागली, तेव्हा बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला. त्यात बापट 'सेनापती' झाले आणि तुरुंगात गेले. धरण व्हायचे ते झालेच. व्यवहाराच्या तराजूत हा लढा क्विक्झॉटिकच ठरेल. परंतु कोणाच्या जमिनीवर कोणाचा दिवा लागावा, हा त्याने विचारलेला प्रश्न धरणाच्या पाण्यात बुडाला नाही. किहोतेला चक्क्यांत राक्षस दिसले, तो त्याचा भ्रम. बापटांना दिसलेली बुडती गावे मात्र खरी होती!

भावाच्या दोन ताली पहिल्याच पावसात वाहून गेल्या. त्याने तसे कळविले, तेव्हा मी विशेषणाच्या वाटेला गेलो नाही. एवढेच लिहिले, "दिवाळीला येतो आहे. माझ्यासाठी एक फावडे काढून ठेव."