मागच्या सीटचा पट्टा

आज इतिहासाच्या सदरात ना शिवकाल आहे, ना पेशवाई. आज रस्त्याचा इतिहास आहे, आणि तोही आपण ज्या देशात राहतो त्या देशाचा. विषय सुचला मुंबई विमानतळावर, गेल्या डिसेंबरात.

पहाटे तीनला उतरलो, पुण्याची टॅक्सी ठरलेली होती. सामान टाकलं, मागे बसलो आणि माझी नऊ वर्षांची मुलगी सीटच्या फटीत हात घालून काहीतरी शोधायला लागली. "बाबा, पट्टा आहे, पण तो अडकवायचा कुठे?" पट्ट्याचं बक्कल पांढऱ्या सीट कव्हरच्या खाली गाडलेलं होतं. ड्रायव्हरदादा आरशात बघून हसले. "साहेब, मागे लागत नाही." आणि मी, जो इथे स्टुटगार्टजवळ मुलीचा पट्टा लागल्याचा आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करत नाही, तो मी गप्प बसलो. रात्रीच्या प्रवासाने दमलेलो, कुठे वाद घाला. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि आम्ही घाट चढून पुण्याला आलो.

काही झालं नाही. सांगण्यासारखं काहीच झालं नाही. पण परत आल्यावर ते डोक्यातून जाईना. पुण्यात जेवताना मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, जर्मन लोक मुळातच शिस्तीचे. आपलं तसं नाही." हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही अनेकदा बोललोय. म्हणून म्हटलं, हे मुळातच म्हणजे नक्की कधीपासून, ते तरी बघू.

तर मंडळी, आकड्यापासून सुरुवात करतो. 1970 साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यावर 19,193 माणसं मेली. पूर्व जर्मनी धरून 21,332. एका वर्षात. दिवसाला जवळजवळ साठ. आणि तेव्हा गाड्या आजच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. आज देशात जवळपास पाच कोटी मोटारी आहेत आणि 2023 साली मृत्यू झाले 2,839. हेच लोक, हाच देश. आउटोबानवर वेगाची सरसकट मर्यादा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

शिस्तीचं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धानंतर या देशाने काय केलं ते ऐका. डिसेंबर 1952 मध्ये संसदेने कायदा केला आणि मोटारींसाठी सगळ्या वेगमर्यादा काढून टाकल्या. आउटोबानवरच्या नव्हे, सगळ्या. गावातल्या गल्लीत, शाळेसमोरसुद्धा. नाझी काळातले निर्बंध नकोत, नागरिक आपली जबाबदारी ओळखतो, अशी त्यामागची भावना होती. नागरिकाने किती ओळखली? त्या दशकात, गाड्या अगदी थोड्या असताना, वर्षाला अकरा-बारा हजार माणसं जायला लागली. शेवटी 1 सप्टेंबर 1957 ला गावात 50 किलोमीटरची मर्यादा परत आणावी लागली. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर तर 1972 च्या ऑक्टोबरपर्यंत काहीच मर्यादा नव्हती. मग 100 ची आली, आणि तीही आधी प्रयोग म्हणून. आमच्या क्षेत्रात याला पायलट प्रोजेक्ट म्हणतात. विरोध असला की पायलट म्हणायचं, म्हणजे लोक जरा शांत बसतात.

दारूचंही तेच. रक्तात 0.8 प्रति हजारची कायदेशीर मर्यादा आली 1973 मध्ये. त्याआधी कोर्टं 1.3 ला माणूस गाडी चालवायला नालायक धरत. 1.3 म्हणजे किती, हे ऑक्टोबरात कान्श्टाटच्या जत्रेतून शेवटच्या एस-बानने परत आलेल्यांना विचारा.

पण हे सगळं बदललं कसं, हे समजून घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडून एस-3 ने बॅकनांगच्या दिशेने निघालं की विनेंडेन लागतं. छोटं, टुमदार गाव. 3 मे 1969 रोजी तिथे आठ वर्षांचा एक मुलगा पोहून घरी परत येत होता. ब्यॉर्न श्टायगर त्याचं नाव. गाडीने उडवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लगेच पोलिसांना आणि रेडक्रॉसला कळवलं. एक फोन नाही, अनेक फोन गेले. तरी रुग्णवाहिका यायला जवळजवळ एक तास लागला. ब्यॉर्न जखमांनी गेला नाही. दवाखान्यात नेताना धक्क्याने गेला. वेळेवर कोणी पोचलं असतं तर वाचला असता.

हे वाचताना मला माझा मामा आठवला. 1994 साली सातारा रस्त्यावर स्कूटरवरून पडला. अंधार पडत आलेला, गाड्या जात होत्या. पोलीस केस होईल, साक्षीला खेटे घालावे लागतील, म्हणून कोणी हात लावला नाही. शेवटी उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या दोघांनी उचलून नेलं. मामा वाचला, पण डावा पाय कायमचा गेला. किती वेळ पडून होता हे त्याला कधीच सांगता आलं नाही. मामी म्हणायची तास, तो म्हणायचा दोन तास. लहानपणी मला वाटायचं, हे फक्त आपल्याकडेच होतं.

तर विनेंडेन. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत सगळीकडे चालेल असा एक आपत्कालीन नंबर नव्हता. प्रत्येक गावाचा पोलिसांचा नंबर वेगळा, रुग्णवाहिकेचा वेगळा, आणि बऱ्याच रुग्णवाहिकांमध्ये वायरलेसही नव्हता. म्हणजे एकदा गाडी निघाली की तिला कुठे वळवायचं ते सांगताच येत नसे. ब्यॉर्नच्या आई-वडिलांनी, ऊटे आणि झीगफ्रीड श्टायगर यांनी, दोन महिन्यांत, 7 जुलै 1969 ला मुलाच्या नावाने संस्था काढली. वडील आर्किटेक्ट होते, राजकारणी नव्हते. त्यांनी रुग्णवाहिकांसाठी वायरलेस मिळवले, रस्त्याकडेला मदतीचे फोन उभे करायला लावले, मंत्र्यांच्या मागे लागले, पत्रं लिहिली, आणि हे सगळं करूनही नंबर एक होईना तेव्हा सरकारवर खटला भरला. खटला हरले. हरणार हे माहीतच होतं म्हणा, पण गवगवा झाला. 20 सप्टेंबर 1973 ला राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी चान्सेलर विली ब्रांट यांच्या उपस्थितीत देशभर 110 आणि 112 हे नंबर आणायचं ठरवलं. आपल्या मुलांना इथे किंडरगार्टनमध्ये 112 पाठ करायला लावतात ना, त्या तीन आकड्यांच्या मागे हे एक घर आहे.

आता पट्ट्याकडे येतो, कारण माझं दुखणं ते आहे. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या इंजिनियरने 1959 मध्ये आणला. पश्चिम जर्मनीत नव्या गाड्यांना पुढचे पट्टे बसवणं 1974 पासून सक्तीचं, आणि ते लावणं 1 जानेवारी 1976 पासून. त्यावरून जो गदारोळ झाला तो आज खरा वाटत नाही. गाडी पेटली तर जळून मरू, पाण्यात पडली तर बुडून मरू. बायकांना वाटे पट्ट्याने छातीला इजा होईल. पुरुषांना वाटे हा आपल्या ड्रायव्हिंगवर अविश्वास आहे. मोटारचालकांच्या संघटनेने नुकतंच 'मुक्त नागरिकाला मुक्त रस्ता' असं वाक्य गाड्यांवर चिकटवलं होतं, तो काळ. त्यामुळे सरकारने कायदा तर केला, पण दंड ठेवला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशी ओलांडलेले. त्यांना विचारलं, तुम्ही लावत होतात का? हसले. म्हणाले, पोलीस दिसला की खांद्यावरून नुसता ओढून घ्यायचो, अडकवायचो नाही. मंडळी, मला त्या क्षणी स्वारगेटचा चौक दिसला. अगदी तोच हात, तीच युक्ती.

1 ऑगस्ट 1984 पासून 40 मार्क दंड सुरू झाला. त्याआधी पुढच्या सीटवर पट्टा लावणारे शंभरात साठेक होते, ते थोड्याच काळात नव्वदच्या वर गेले. आठ वर्षं जाहिराती केल्या, टीव्हीवर वाहतुकीचे धडे दिले, त्याने जे झालं नाही ते 40 मार्कांनी केलं. मागच्या सीटसाठी दंड 1986 ला आला. म्हणजे ज्या सवयीला आपण जर्मन रक्तातली म्हणतो, ती माझ्या वयापेक्षा लहान आहे.

रक्ताची गोष्ट निघालीच आहे तर अजून एक. भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीत रस्त्यावरचे मृत्यू 1989 ते 1991 या दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. माणसं तीच होती, तितकीच जर्मन. फक्त त्राबांट जाऊन हाताखाली जोरदार गाड्या आल्या, रस्ते मात्र जुनेच, आणि पूर्वीचा कडक पहारा गेला. पुढे रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, नियम बसले, तेव्हा कुठे आकडे उतरले.

यात गाडीचा भाग मोठा आहे. धडकेत पुढचा-मागचा भाग चुरगळावा आणि मधली माणसं वाचावीत, ही कल्पना बेला बारेनी या इंजिनियरने आमच्या शेजारच्या झिंडेलफिंगेनला मर्सिडीजमध्ये रुजवली. शिवाय दर दोन वर्षांनी होणारी त्युफची तपासणी, जिच्या नावाने आपण सगळे कुरकुरतो. माझी जुनी स्टेशन वॅगन दोन वर्षांपूर्वी तिथे नापास झाली. ब्रेक, खालचा गंज, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. मग खिडकीच्या रबरात खोचलेली 'गाडी विकत घेतो' ची कार्डं असतात ना, त्यातल्या एकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी माणूस रोख पैसे देऊन गाडी घेऊन गेला. कुठे जाणार विचारलं तर म्हणाला, हाम्बुर्ग, मग बोटीने कोटोनू. कोटोनू म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाचं बंदर, जुन्या गाड्यांचा मोठा बाजार. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे 2015 ते 2018 या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून 1 कोटी 40 लाख वापरलेल्या गाड्या बाहेर गेल्या, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त आफ्रिकेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगातल्या गाड्यांपैकी जेमतेम 3 टक्के आफ्रिकेत आहेत, पण रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तिथला. माझ्या गाडीचे ब्रेक तिथे कोणी दुरुस्त केले असतील का? मी पैसे मोजून घेतले होते, त्यामुळे या प्रश्नावर मी फार मोठ्याने बोलत नाही.

आणि आपल्याकडे? 2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. गोपीनाथ मुंडे 2014 साली दिल्लीत गेले, सायरस मिस्त्री 2022 साली पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर. दोघेही मागच्या सीटवर, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, अशा बातम्या आल्या. मागच्यांनी पट्टा लावायचा नियम तेव्हाही पुस्तकात होता. मिस्त्री गेल्यावर दोन महिन्यांनी मुंबई पोलिसांनी सगळ्यांना सक्तीचा केला.

पण नुसतं रडगाणं नको, कारण काही गोष्टी खरोखर हलल्या आहेत. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, नाव सांगायचीही सक्ती करू नये, यावर सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला शिक्कामोर्तब केलं. मामाला हे बावीस वर्षं उशिरा मिळालं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेका अपघाताचं कारण तपासलं, उघड्या कठड्यांची टोकं झाकली, बेशिस्त पार्किंगवर कारवाई केली, आणि काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. ड्रायव्हर तेच, बरं का, आपलेच. उलट समृद्धी महामार्ग नवा कोरा, रुंद, आणि 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेड राजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली. चांगला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे, हे जर्मनीला 1950 च्या दशकात कळलं होतं. ते आपल्याला आत्ता कळतंय.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा जातोय. या वेळी टॅक्सी नाही, भाऊ स्वतः आणायला येणार आहे. त्याला मागच्या आठवड्यात फोन करून सांगितलं, मागची बक्कलं बाहेर काढून ठेव. "तुझं काहीतरीच हं दादा," म्हणाला. रविवारी त्याचा फोटो आला. आईने कात्रीने सीट कव्हरला दोन चिरा पाडून कडेला नीट टीप मारली आहे, आणि दोन बक्कलं वर आली आहेत. मधल्या सीटचं मात्र अजून सापडलेलं नाही.